परत विचारलंच नाही

काउंटरवर तिन्ही पासपोर्ट कुसुमताईंच्या हातात होते. प्रवासात कागदपत्रं घरातल्या मोठ्या माणसानं धरायची, ही त्यांच्या घरची पद्धत. लंडनच्या विमानतळावर आलो म्हणून ती बदलावी, असं त्यांना वाटलं नव्हतं. त्यांची सून वल्लरी मागच्या बाकावर दहा महिन्यांच्या राधाचा डायपर बदलत होती. तिनं लांबून एवढंच पाहिलं, की काउंटरवरच्या बाईनं काहीतरी विचारलं, सासूबाईंनी हसून मान हलवली, बाईनंही हसून मान हलवली आणि बॅगा पट्ट्यावरून आत गेल्या.

काय विचारलं होतं ते सुरक्षा तपासणी झाल्यावर कळलं. कुसुमताई बाकावर बसून, दुखरा गुडघा लांब करून बूट चढवत होत्या.

"चांगली होती हो ती बाई. माझा गुडघा बघितला, राधाला बघितलं आणि म्हणाली, मागं फार गर्दी झालीय, पुढच्या वर्गात दोन खुर्च्या मोकळ्या आहेत, तुम्हाला देते. वर काही पैसे नाहीत. पार आडवं होता येतं म्हणे."

"मग?"

"मग काय. मी म्हटलं, नको, कशाला उगाच, आम्ही आपले मागंच बरे." बुटाची नाडी बांधून झाली. "परत विचारलंच नाही तिनं."

आवाजात तक्रार नव्हती, नवल होतं.

वल्लरीला एकदम खाली बसावंसं वाटलं, पण कडेवर राधा होती आणि खांद्याला दोन पिशव्या. कर्वेनगरात ज्यांच्या चार पिढ्या चहा प्यायल्या, त्यांना पहिला 'नको' म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. तो नकार नसतोच मुळी. चहा घेणार का, असं विचारलं की पाहुण्यानं नको म्हणायचं. मग यजमानानं म्हणायचं, अहो घ्या हो, टाकलाच आहे. पाहुण्यानं पुन्हा कशाला म्हणायचं. तिसऱ्यांदा आग्रह झाला की म्हणायचं, बरं, अर्धा कप. मग भरलेला कप येतो आणि तो निमूट संपतो. कुसुमताई आयुष्यभर अशाच वागल्या होत्या आणि त्यांचं कधी काही अडलं नव्हतं. त्या काउंटरवरच्या बाईला बिचारीला कुणी हे शिकवलं नव्हतं.

विमानात आधी पुढच्या वर्गाला सोडलं. मरून रंगाचा कोट घातलेले एक गृहस्थ आणि त्यांची बायको हलक्या पावलांनी निघून गेली.

"आपल्याच मागं उभे होते हे दोघं," कुसुमताई म्हणाल्या. थोडं थांबून पुढं म्हणाल्या, "शोभतात हो तिथं."

यांच्या वाट्याला आली एकेचाळिसावी रांग. गुडघा पसरता यावा म्हणून कुसुमताई कडेला, मध्ये मांडीवर राधाला घेऊन वल्लरी आणि खिडकीशी उत्तरेश्वर नावाचा तिशीतला माणूस. मूळचा लातूरकडचा, चाकणच्या एका कारखान्यात मशीनवर कामाला; कंपनीनं दोन महिने शिकायला पाठवलं होतं, तो घरी निघाला होता. एवढं त्यानं पट्टा बांधेपर्यंत आपणहून सांगून टाकलं. राधासाठी मागितलेला पाळणा मिळाला नाही. ती त्याच्या मापाबाहेर वाढली आहे, असं हवाई सुंदरीनं गोड आवाजात सांगितलं. समोरची खुर्ची मागं कलली आणि वल्लरीच्या नाकासमोर वीतभर जागा उरली. नऊ तास.

तिला थकवा विमानाचा नव्हता. शनिवारी विमान, रविवारी पहाटे पुणं आणि रजा संपून सोमवारी ऑफिस. सोमवार तिच्या छातीवर गेले तीन आठवडे बसून होता. सकाळी साडेआठला राधाला मांजरीच्या त्यांच्या सोसायटीजवळच्या पाळणाघरात सोडायचं आणि संध्याकाळी सातला आणायचं. नवरा, सलिल, अजून वर्षभर लीड्सलाच असणार; त्याच्याकडेच तर या तिघी राहायला गेल्या होत्या. कुसुमताई त्यांच्या कर्वेनगरच्या फ्लॅटवर. मांजरी पुण्याच्या या टोकाला, कर्वेनगर त्या टोकाला. मधल्या रहदारीत सव्वा तास तरी जातो. सासरे गेल्यापासून चार वर्षं त्या तिथं एकट्या राहत होत्या.

पाळणाघर चांगलं होतं. भिंतीवर हत्ती होते. पण राधा झोपते कशी, ते तिथल्या बाईंना कसं सांगणार?

कारण ती झोपायची पाढ्यांवर. कुसुमताईंनी मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलं होतं आणि त्यांना अंगाई म्हणता येत नव्हती. लीड्सच्या थंडीत, हीटरजवळ जमिनीवर पाय लांब करून त्या राधाला पायांवर घ्यायच्या आणि हळूहळू हलवत पाढे म्हणायच्या. बारापर्यंत ती टक्क बघायची. पंधराला डोळे जड. एकोणीस संपायच्या आत पार. आजीच्या सुरात काहीतरी ठरलेलं होतं. एकोणीस साते एकशे तेहेतीस म्हटलं, की जगात सगळं जागच्या जागी आहे, असं त्या पिल्लाला वाटत असावं. दाराआडून ऐकताना वल्लरीलाही वाटायचं.

विमानात पाय लांब करायला जागाच नव्हती.

राधा रडायला लागली ती जेवणाचे ट्रे यायच्या सुमाराला. वल्लरीनं तिला पाजून पाहिलं, खांद्यावर टाकलं, ट्रेच्या गाड्या चुकवत पार शेवटच्या स्वच्छतागृहापर्यंत चार फेऱ्या मारल्या. पुढं जाताना पडद्याच्या फटीतून दिसायचं. मरून कोट हुकाला लटकत होता, आणि पांढऱ्या चादरीखाली कुणाचे तरी दोन पाय अगदी सरळ, अगदी निवांत. वल्लरीनं उभ्या जन्मात कुणाच्या पायांचा इतका हेवा केला नव्हता.

ती परत आली तेव्हा कुसुमताईंनी हात पुढं केले.

"आण इकडं."

"गुडघ्यावर भार येईल, आई."

"गुडघा माझा आहे. आण."

त्यांनी राधाला आडवी धरली, तोंड तिच्या कानाशी नेलं आणि पाय हलवता येत नाहीत म्हणून तिच्या पाठीवर नुसता अंगठा हलवत सुरुवात केली. एकोणीस संपला. एकोणतीस संपला. मग त्या पावकी, निमकी, अडीचकीवर आल्या, वडिलांनी पाठ करून घेतलेल्या जुन्या अपूर्णांकांच्या पाढ्यांवर. अडीचकीच्या मध्यात कुठंतरी राधाचा हुंदका मोडला, आणि एकेचाळिसाव्या रांगेसह आजूबाजूच्या तीन-चार रांगांनी श्वास सोडला.

"मावशी," खिडकीतून उत्तरेश्वर म्हणाला, "तुमी आमच्या शाळेत असता तर मी विसाच्या पुढं गेलो असतो बगा."

कुसुमताई खूश झाल्या, म्हणजे ओठाचा एक कोपरा हलला. त्यांनी वल्लरीला पायाशी ठेवलेल्या पिशवीतून डबा काढायला सांगितला. लीड्समध्ये केलेले बेसनाचे शेवटचे लाडू होते. डबा वल्लरीच्या पुढून खिडकीकडे गेला.

"घेणार का एक?"

"द्या की," असं म्हणून त्यानं दोन उचलले.

कुसुमताई क्षणभर बघतच राहिल्या. दुसऱ्यांदा म्हणायचं 'घ्या हो' त्यांच्या तोंडात तयार होतं, ते तसंच राहिलं.

त्याच्या ते ध्यानात आलं असावं. "आमच्यात दुसऱ्यांदा कोन इचारत न्हाई, मावशी," तो खाता खाता म्हणाला. "सहा भाऊ आमी. पयल्या खेपेला हात पुढं केला न्हाई, की ताट म्होरं जातंय."

कुसुमताई हसल्या. राधा जागी होईल म्हणून आवाज न करता, खांदे हलवत हसल्या. "मला दोन भाऊ हवे होते आणखी," त्या म्हणाल्या. "आत्ता मी पुढं पाय पसरून झोपले असते."

उत्तरेश्वर कानात गाणी घालून झोपून गेला. खिडकीबाहेर उजेड ओसरत चालला होता. पूर्वेकडे जाताना दिवस असा घाईनं संपतो, पूर्ण वापरायच्या आत. वल्लरीनं खाली वाकून सासूबाईंचे बूट सैल केले. पावलं सुजली होती. मोज्यांची वीण कातडीवर उमटली होती. तिनं आपली पिशवी आडवी करून त्या पावलांखाली सरकवली. त्या नको नको म्हणत होत्या, तरी सरकवली.

आणि तशीच वाकलेली असताना तिला दिवाळीनंतरची ती संध्याकाळ आठवली.

कर्वेनगरच्या फ्लॅटचं दार. खाली टॅक्सी उभी. पोटाशी बांधलेली राधा, आणि वल्लरी असंच वाकून सँडलचा पट्टा लावत होती. पट्टा लावता लावता, वर न बघता तिनं विचारलं होतं, आई, तुम्ही आमच्याकडेच का येत नाही राहायला? आणि वरून उत्तर आलं होतं, नको गं, तुमचा तुमचा संसार, मी इथं बरी आहे. वल्लरी बरं म्हणाली आणि जिना उतरली. उतरताना पावलं हलकी पडली होती, हेही तिला आत्ता लख्ख आठवलं. आपल्या ओट्यावर दुसरं कुणी नको, आपल्या रविवारात दुसरं कुणी नको, असं तेव्हा तिला वाटलं होतं.

एकदाच विचारलं होतं, तेही सँडल घालताना. काउंटरवरच्या बाईनं निदान डोळ्यांत बघून विचारलं असेल.

आता परत विचारायचं तर कुठल्या तोंडानं? गेले तीन आठवडे ती याच जागी अडत होती. आता विचारलं तर ते फुकटची आया शोधल्यासारखं दिसणार.

"आई," ती सरळ बसत म्हणाली, "दिवाळीनंतर मी तुम्हाला एक विचारलं होतं."

"विचारलं होतंस."

"तुम्ही नको म्हणालात."

"म्हणाले." कुसुमताई राधाच्या कपाळावरचे केस मागं सारत राहिल्या. "आणि तू बरं म्हणालीस. मी दारात उभी होते. मला वाटलं, सुटली पोरगी."

वल्लरीला 'छे, असं काही नव्हतं' म्हणता आलं असतं. तशी वाक्यं तोंडात तयारच असतात. पण सकाळपासून ती इतकी दमली होती, की खोटं बोलायचीसुद्धा ताकद उरली नव्हती.

"सुटलेच होते, आई."

कुसुमताईंनी पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. वर्गात खरं उत्तर देणाऱ्या मुलीकडे त्या असंच पाहत असाव्यात.

"आणि आता सोमवार आला," त्या म्हणाल्या.

"सोमवारी राधा पाळणाघरात जाणार. ते ठरलंय, ते बदलायचं नाही. तुम्हाला राबवायला नाही बोलवत." वल्लरीनं राधाचा निसटलेला मोजा वर ओढला. "मला सातला घरी आल्यावर तुमचे पाढे ऐकू यायला हवेत. तुम्ही या."

"नको गं," कुसुमताई म्हणाल्या. "मला आपली कर्वेनगरची सवय."

तेवढ्यात विमान हादरलं, पट्टे बांधायचा दिवा लागला, राधा दचकून उठली आणि पुढचे दोन तास बोलण्याला जागाच राहिली नाही.

मुंबईत उतरून, बॅगा घेऊन, आधी ठरवलेल्या टॅक्सीत बसेपर्यंत दोघींची बोलण्याची शक्ती संपली होती. घाटात कुसुमताई झोपल्या, की नुसते डोळे मिटून बसल्या, ते कळलं नाही. टॅक्सी पुण्याच्या बायपासला लागली तेव्हा उजाडत होतं, टेकडीवर फिरायला निघालेली माणसं दिसू लागली होती. ड्रायव्हरनं आरशात बघून विचारलं, "ताई, वारज्याला उतरून आधी कर्वेनगर, मग मांजरी, असंच ना? का सरळच जायचं कात्रजवरून?"

वल्लरीनं सासूबाईंकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. हातात तिघींचे पासपोर्ट अजून तसेच होते, मांडीवरच्या पर्समध्येही ठेवले नव्हते. पुलाची पाटी आली. आणखी दोन मिनिटांत वळण येणार होतं.

"आई," वल्लरी म्हणाली, "मी तिसऱ्यांदा विचारतेय."

कुसुमताईंनी पासपोर्टांच्या कडा जुळवल्या, परत जुळवल्या.

"तुमच्याकडे पाणी टँकरचं ना?"

"हो."

"भाजी?"

"आपल्या मंडईसारखी नाही मिळत."

"काय बाई गाव निवडलंत." कुसुमताईंनी पर्स उघडली, पासपोर्ट आत ठेवले आणि चेन लावली. "बरं. पंधरा दिवस. त्याच्यावर एक दिवस नाही."

वल्लरीनं नुसतं राधाला जवळ घेतलं. बोलली असती तर रडली असती, आणि राधा नुकतीच झोपली होती.

"अहो, वारज्यालाच उतरा," कुसुमताई ड्रायव्हरला म्हणाल्या. "कर्वेनगरला दहा मिनिटं थांबा. मला वरून पोळपाट आणायचाय. हिचा पोळपाट हलतो. दिवाळीपासून सांगायचं होतं."

दहा मिनिटांची पंचवीस झाली. त्या खाली आल्या तेव्हा काखेत पोळपाट होता, हातात औषधांचा डबा, आणि मागून वॉचमन मिक्सर, दोन उशा आणि भिंतीवरचं कॅलेंडर घेऊन येत होता. ड्रायव्हरनं डिकी उघडली, बॅगांकडे बघितलं, उशांकडे बघितलं आणि कसंबसं सगळं बसवलं.

वल्लरीनं पुढं होऊन पोळपाटासाठी हात पुढं केला. "आणा इकडं," ती म्हणाली.

कुसुमताईंनी तो लगेच दिला. या खेपेला नको म्हणाल्या नाहीत.