अवेळी बोललेले शब्द

सकाळी दहापर्यंत मौन पाळायचं, हे माझं अकरा वर्षांचं व्रत. त्या दिवशी आठलाच चक्रीवादळ येऊन धडकलं. हे कालपासून पुलापलीकडच्या वीजकेंद्रात अडकलेले. मी आणि सासूबाई दाराला टेबल लावून, त्याला पाठ टेकून बसलो होतो. तेवढ्यात यांचा फोन आला.

"हॅलो? आई? कुणीतरी बोला!"

पुलावरून पाणी वाहत होतं. काळजीपोटी हे निघाले तर? देवाची मनोमन क्षमा मागून मी बोलले, "अहो, आम्ही सुखरूप आहोत. तुम्ही तिथंच थांबा."



"तू बोललीस? या वेळी? खरं सांग, आईला काय झालं? मी निघतोच."

"अहो, नका हो!" माझा आवाज चिरकला, तसे ते आणखीच घाबरले.

सासूबाईंनी फोन हिसकावून घेतला. "अरे शहाण्या, मी धडधाकट आहे! तिथून हललास तर तंगडं मोडीन."

"बरं, आई," एवढं ऐकू आलं आणि फोन बंद पडला.

"आता नाही निघायचा तो," सासूबाई म्हणाल्या.

मौन मोडलंच होतं. त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून मी मोठ्यानं रडून घेतलं.