वास गेलेला कॅन

मित्रांनो, मी एक जुना प्लॅस्टिकचा कॅन आहे. वीस लिटरचा, पांढरा, एका कुशीला जरा दबलेला. नाशिकला द्वारकेच्या चौकाजवळ एका भंगाराच्या दुकानाबाहेर मला जुन्या टायरांशेजारी मांडून ठेवले आहे. आपली कहाणी सांगणाऱ्या जुन्या वस्तू शेवटी तुम्हाला विनवतात की आम्हाला जपा, अडगळीत टाकू नका. मी तसले काही मागणार नाही. मला काय हवे आहे ते शेवटी सांगेन. आधी माझी हकिकत ऐका.

वितळलेले प्लॅस्टिक साच्यात फुगवून मला घडवले. दूध भरले असते तरी मला चालले असते, गोडेतेल तर आनंदाने सांभाळले असते. पण माझ्या वाट्याला आले द्राक्षबागेवर फवारायचे कीटकनाशक. मग माझ्या पोटावर एक कागद चिकटवला. त्यावर लाल त्रिकोण होता, कवटी आणि हाडे होती, आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिले होते की रिकामा डबा फोडून वस्तीपासून लांब जमिनीत पुरावा. ही ओळ वाचणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. चांगला भक्कम कॅन हाताने फोडायचा म्हणजे लोकांच्या अगदी जिवावर येते.

दोन हजार साल उलटून दोनतीन वर्षे झाली असतील. दिंडोरी तालुक्यातल्या एका गावी कारभारी नावाच्या बागायतदाराने मला विकत आणले. माणूस वाईट नव्हता. मजुरांच्या अडीनडीला धावून जाणारा म्हणून त्याचे नाव होते, आणि ते खोटेही नव्हते. त्या वर्षी ऑक्टोबरच्या छाटणीनंतर बागेत मिलीबगचा जोर झाला, वेलींचे ओलांडे, म्हणजे मांडवावरच्या आडव्या फांद्या, पांढऱ्या किडीने भरून गेले. फवारण्यांवर फवारण्या झाल्या आणि मी बघता बघता रिकामा झालो. पंपाच्या खोलीत रिकाम्या कॅनांचा ढीग होता, त्यावर मला फेकले. तिथेच पडून राहिलो असतो तर आज ही कहाणी सांगायची वेळ आली नसती.

बागेच्या कडेला मजुरांच्या झोपड्या होत्या. दिवाळीनंतर, भात घरात आले की, पेठ तालुक्याकडच्या डोंगरातली कुटुंबे पोराबाळांसकट तिथे यायची आणि द्राक्षे उतरेपर्यंत राहायची. त्यांच्यात नवसाबाई नावाची एक म्हातारी होती. मुलगा आणि सून बागेत कामाला जात, आणि ती पल्लवी नावाच्या चार वर्षांच्या नातीला सांभाळी. आदल्या वर्षी याच झोपडीत पल्लवीचा धाकटा भाऊ हगवणीने गेला होता. तेव्हापासून नवसाबाईने एकच गोष्ट मनाशी धरली होती, की ही पोर जगवायची.

मनीषा सिस्टर उपकेंद्रातून आठवड्याला वस्तीवर येत. त्यांचे म्हणणे साधे होते. मजूर शेततळ्याचे पाणी उघड्या बादलीत ठेवत आणि ज्याला तहान लागेल तो तिच्यात हात बुडवी. दुखणे त्या हातांमधून येत होते. सिस्टरांनी बजावले, की पाणी विहिरीचे आणा, अरुंद तोंडाच्या भांड्यात भरा, घट्ट झाकण लावा, आणि पाणी ओतून घ्या, आत हात घालू नका. बाकीच्या बायका ऐकल्यासारखे करून कामाला लागल्या. नवसाबाईने मात्र शब्द न् शब्द पदराला बांधून घेतला, आणि अरुंद तोंडाचे भांडे मागायला ती कारभाऱ्याकडे गेली.

कारभारी तिला पंपाच्या खोलीत घेऊन आला आणि त्याने नेमका मला उचलला. अरुंद तोंड, फिरकीचे झाकण, गळती नाही. नवसाबाई घुटमळली. यात फवारणीचे औषध होते ना, असे तिने विचारलेही. कारभारी म्हणाला, राख आणि सोड्याने चार वेळा धू, गार पाण्याने खळखळ, काही राहत नाही.

माझ्या तोंडातून हात आत जात नाही. म्हणून तिने राख, वाळू आणि खडे आत टाकले आणि मला दोन्ही हातांनी घुसळत बसली. दिवसभर हेच चालले. मी तिच्या मांडीवर आपटत होतो आणि मनात म्हणत होतो, बाई, हे माझ्या अंगात मुरलेले आहे, खड्यांनी निघायचे नाही. पण कॅनला वाचा कुठे असते? संध्याकाळी तिने वास घेऊन पाहिला आणि मला कारभाऱ्यापुढे नेऊन ठेवले. त्यानेही माझ्या तोंडाला नाक लावले.

"वास येतो का? नाय ना?" तो म्हणाला. "मग काय होत नाय. बिनघोर वापर."

साऱ्या गावाची हीच परीक्षा होती. वास गेला की विष गेले. कारभाऱ्याच्या स्वतःच्या घरात पिण्याचे पाणी तांब्याच्या हंड्यात असे, हे त्याला त्या वेळी आठवले नाही.

मग पाणी गार राहावे म्हणून नवसाबाईने माझ्याभोवती गोणपाट गुंडाळले, दाभणाने शिवले आणि भिजवून ठेवले. लाल त्रिकोण, कवटी, सगळे गोणपाटाआड गेले. पुढच्या आठवड्यात मनीषा सिस्टर आल्या, त्यांनी झाकण फिरवून पाहिले आणि त्यांचा चेहरा खुलला. त्यांनी सगळ्या बायकांना बोलावून मला मधोमध ठेवले.

"आजी, अख्ख्या वस्तीत तुमचं पाणी एक नंबर," त्या म्हणाल्या. "सगळ्यांनी असंच ठेवा."

एवढे कौतुक माझ्या वाट्याला पूर्वी कधी आले नव्हते आणि इतकी लाजही कधी वाटली नव्हती. बायका कारभाऱ्याकडे गेल्या. त्याने हौसेने ढिगातला एकेक कॅन झोपडीझोपडीत वाटला.

हगवण खरोखरच थांबली. पण कोणाचे डोके दुखू लागले, कोणाला मळमळू लागले. कामाचा शीण असेल म्हणून सगळ्यांनी ते अंगावर काढले. मार्चमध्ये उन्हे तापली. त्यातच वीज गेली, विहिरीवरची मोटर बंद पडली. मोठी माणसे बागेत टँकरचे पाणी प्यायली. माझ्या तळाशी राहिलेले शिळे पाणी उन्हात तसेच तापत पडले, आणि नवसाबाईने ते जपून, थेंबही न सांडता, एकट्या पल्लवीसाठी ठेवले.

पोरीला उलट्या आणि जुलाब सुरू झाले. सिस्टर धावत आल्या. त्यांना वाटले, पुन्हा हगवण. त्यांनी जलसंजीवनीची पुडी फोडली आणि पाणी आजींच्याच कॅनमधले घ्यायला सांगितले, कारण वस्तीत तेच स्वच्छ होते. घोट घोट पाजत राहा म्हणाल्या आणि दुसऱ्या एका आजाऱ्याकडे गेल्या. नवसाबाईने पोरीचे डोके मांडीवर घेतले आणि पाजत राहिली. वाटी रिकामी झाली की मला वाकवायची, आणि मी ओतायचो. मित्रांनो, मी नुसता ओतत राहिलो. पोरीच्या तोंडाला फेस आला, हातपाय थरथरू लागले, तरी म्हातारी चमच्याने पाजतच होती.

कारभाऱ्याने स्वतःची जीप काढून पोरीला नाशिकला नेले. पल्लवी परत आली नाही.

दुसऱ्या दिवशी सिस्टर आल्या त्या सरळ माझ्याकडे. डॉक्टरांनी पोरीच्या डोळ्यांतल्या बारीक झालेल्या बाहुल्या पाहून सांगितले होते की हे फवारणीचे विष आहे. सिस्टरांनी विळ्याने गोणपाटाची शिवण उसवली. कागद बराचसा कुजला होता, तरी लाल त्रिकोणाचा अर्धा तुकडा अजून चिकटून होता.

नवसाबाई शेजारी उभी होती. "मी वास घेऊन बघितला व्हता," ती म्हणाली. "तुमी सांगितलं तसंच पाजत व्हते, सिस्टरबाई. एक घोट चुकवला नाय."

सिस्टर तोच विळा घेऊन झोपडीझोपडीत गेल्या. एकेक कॅन ओढून काढत त्यांनी त्याच्या बुडात विळा खुपसला. माझ्या भावंडांच्या पोटातले पाणी मातीत गेले आणि मी पाहत राहिलो. मला तेवढे त्यांनी फोडले नाही, पुरावा म्हणून बाजूला ठेवले. पोलीस येतील या धास्तीने कारभाऱ्याने मला उचलले आणि फेरीवाल्या भंगारवाल्याच्या हवाली केले. बाकीचे सगळे फुटले. ज्याने पोर मारली तो एकटा धड राहिला.

म्हणून माझे मागणे ऐका. मला जपू नका. माझी कीव तर मुळीच करू नका. घरी, शेतात, दुकानात माझ्यासारखा कोणी दिसला तर त्याच्या बुडाला भोक पाडा आणि त्याला वस्तीपासून लांब खोल पुरा. धुऊन काही होत नाही. राखेने होत नाही, सोड्याने होत नाही, आणि नाकाला तर काही म्हणजे काही कळत नाही.

दुकानदाराने आज सकाळी मला साबणाने घासले. राहिलेला कागदही खरवडून काढला. आता मी अगदी नवा दिसतो. आत्ताच एक बाई आली आहे, कडेवर मूल आहे, सोबत नवरा आहे. तिने मला उचलून हलवून पाहिले, झाकण फिरवून पाहिले. मग माझ्या तोंडाला नाक लावून एक मोठा श्वास घेतला आणि नवऱ्याला म्हणाली,

"वास नाही येत. घेऊन टाका."