गोगलगायींचं दर्शन

१९८१च्या दिवाळीनंतर रोहण्याजवळच्या एका नाल्यावर एवढी गर्दी लोटली की दुकानातले नारळ संपले. नाल्यातल्या गोगलगायी पाण्याबाहेर निघून काठावरच्या शेंदरी दगडावर चढत होत्या.

"पाय नाई, वाचा नाई, तरी दर्शनाले येऊन राह्यल्या!" काठावर मंडप टाकून बसलेले बाबा गरजले. "हे पाणी तीर्थ झालं!"

लोकांनी त्या हिरवट, आंबूस तीर्थाचे तांबे भरले. पिताना नाकं मुरडली, पण श्रद्धेनं.

शाळेतल्या सुलोचनाबाई दरसाल सहावीच्या पोरांना याच नाल्यावर आणून गोगलगायी दाखवत. तळाशी निवांत चरत असल्या तर पाणी धड. घोळक्यानं बाहेर पडल्या तर पाण्यातली हवा संपली, पाणी नासलं. यंदा सहावीतली पंचफुला जुलाबांनी अंथरुणाला खिळली होती आणि तिची आई, अनुसयाबाई, तिला हेच तीर्थ पाजत होती.

बाईंनी बाबांसमोर काचेच्या दोन बरण्या मांडल्या. एकीत विहिरीचं पाणी, दुसरीत नाल्याचं. दोन्हींत नाल्यातल्याच गोगलगायी. घटकाभरात विहिरीच्या पाण्यातल्या तळाशी रमल्या, नाल्याच्या पाण्यातल्या बरणीच्या काठाला येऊन चिकटल्या.

"इथं कुठाय शेंदरी दगड?" बाईंनी विचारलं. "त्या श्वासासाठी पळताहेत. वरच्या डोहात नत्थूजींनी सनाच्या, म्हणजे तागाच्या, पेंढ्या सडत घातल्यात, त्यानं पाणी नासलं."

मंडपाचे यजमान नत्थूजी तडकले. "सन सडवला नाई तं दोर कायचे वळू? दरसालच सडवतो!"

"दरसालच गोगलगायी चढतात. यंदा फक्त बाबा आले."

मग बाबांनी नाल्याची बरणी कपाळाला लावली. "पाहा! तीर्थातल्या वर गेल्या, विहिरीतल्या पापी खालीच राह्यल्या!"

जयजयकार झाला. बरणीला हळदकुंकू लागलं. बरणी शाळेची होती; ती परत मिळाली नाही.

बाई तडक पंचफुलाच्या घरी गेल्या. "अनुसयाबाई, देव मानायचा तर माना. पण पाणी पारखून प्या. ज्या पाण्यात गोगलगाय थांबत नाही, ते लेकराच्या पोटात कसं घालता? विहिरीचं पाणी उकळून, गार करून, मीठ-साखर घालून द्या. आणि दवाखान्यात न्या."

"तीर्थच उकळून देऊ काय?" अनुसयाबाई विचार करत म्हणाल्या. "पण उकळलं तं त्यातला देव मरन नाई का, बाई?"

तीर्थाची वाटी जवळ येताच पंचफुलानं मान फिरवली. "माय, त्याच्यातून गोगलगायीबी पळून राह्यल्या," ती पुटपुटली आणि ओठ घट्ट मिटले.

"लय शिकली माही पोर," आई कौतुकानं म्हणाली, आणि तोंड उघडावं म्हणून तिनं लेकीचं नाक दाबलं.