दोघींचं पाणी

"ए कोंबडे, सांग तिला, राख माझ्या दारात उडतेय म्हणावं!"

भिंतीपलीकडून धाकटीचा आवाज आला. कोंबडी भिंतीवर बसून चोचीनं पंख साफ करत होती. तिला या भानगडीत पडायचं नव्हतं, पण रोज सकाळी तिलाच पडावं लागायचं.

"तिला सांग, वारा काही मी पाळलेला नाही," मोठी म्हणाली आणि उरलेली राखही मुद्दाम जोरात झटकली.

दोघी सख्ख्या जावा. नवरे गेले, मुलं शहराला लागली, खाडीकाठची बाकीची घरं एकेक करून वरच्या रस्त्याकडे सरकली. मागे उरल्या या दोघी, आणि मध्ये कंबरेएवढी भिंत. एवढा मोठा किनारा मोकळा पडलेला, बोलायला दुसरं माणूस नाही, आणि या दोघींचा एकमेकींशी अबोला! तोंड बघायचं नाही असं ठरलेलं, पण बोलल्याशिवाय करमत तर नाही. म्हणून मध्ये कोंबडी.

भांडण झालं होतं पाण्यावरून. ओहोटीला चिखलातून उकरलेल्या शिंपल्या तशाच शिजवल्या तर दाताखाली वाळू करकरते. म्हणून त्या समुद्राच्या पाण्यात टाकून ठेवायच्या. मग त्या हळूच तोंड उघडतात, पाणी आत ओढतात, हवं ते गिळतात आणि नको ती वाळू चिकटात गुंडाळून बाहेर टाकतात. घरात याला 'पाणी पाजणं' म्हणत. सासूचा दंडक होता की पाजायचं पाणी बाहेरच्या खडकावरचंच हवं, जिथं उघडा समुद्र आपटतो तिथलं. खाडीच्या पायरीवरचं नाही. आणि नेलेलं पाणी मधूनमधून ओतून नवं घालायचं.

एवढ्या लांबून पाणी आणणं एकीचं काम नव्हतं. मोठा हंडा दांडीला अडकवायचा, दांडी दोघींच्या खांद्यावर. धाकटी पुढे, मोठी मागे. वाटभर मोठीचं एकच पालुपद, "हळू चाल, सांडतंय!" आणि धाकटीचं उत्तर ठरलेलं, "तूच हळू चाल!" एक दिवस हंडा पडला आणि त्याला पोचा आला. पाय कोणाचा घसरला याचा निकाल अजून लागलेला नाही. तेव्हापासून दांडी मोठीच्या घराच्या कोपऱ्यात पडून होती आणि दोघी आपापली बादली घेऊन खाडीच्या पायरीवर जात होत्या.

पायरीवरचं पाणी गढूळ असायचं, पावसानंतर तर चहासारखं. पण टोपात शिंपल्या टाकल्या की सकाळपर्यंत ते इतकं नितळ व्हायचं की टोपाच्या तळाचा कल्हई उडालेला डाग दिसावा. मोठीला त्याचं फार कौतुक.

"सांग तिला," ती कोंबडीला ऐकवायची, "खडकाच्या पाण्यावाचून माझं काही अडलेलं नाही."

त्या आठवड्यात पाऊस धो धो कोसळला. उघडीप मिळताच मोठीनं शिंपल्या काढल्या, पाणी पाजलं आणि तोंड उघडताक्षणी चुलीवरून उतरवल्या. मग वाडगा भरून भिंतीवर ठेवला.

"सांग तिला, उरल्यात म्हणून देतेय."

उरल्याबिरल्या काही नव्हत्या. मोठीची दाढ ठणकत होती, तिनं स्वतः नुसता भात गिळला. धाकटीला शिंपल्या आवडतात म्हणूनच तिनं चिखलात कंबर मोडून घेतली होती, पण हे कोंबडीला कशाला सांगायचं? थोड्या वेळानं भिंतीवर रिकामा वाडगा आला, घासून पुसून.

दुसऱ्या दिवशी धाकटीचं दार उघडलं नाही. कोंबडी उपाशी ओरडत फिरत होती.

"ए कोंबडे, सांग तिला, ऊन डोक्यावर आलं!"

उत्तर नाही. मोठीनं पुन्हा हाक मारली, या वेळी सरळ नाव घेऊन. मग लुगडं खोचलं आणि त्या वयात भिंत ओलांडली. धाकटी जमिनीवर पडली होती. उलट्या-जुलाबांनी तिच्यात उठायचं त्राण राहिलं नव्हतं. मोठी अनवाणी रस्त्यापर्यंत पळाली, गाडी थांबवली, तिला दवाखान्यात पोचवलं. सलाईन लागेपर्यंत तिनं धाकटीचा हात सोडला नाही.

धाकटीचा मुलगा शहरातून आला. येताना खाडीचं पाणी बाटल्यांत भरून तपासायला नेणाऱ्या मुलीला घेऊन आला. सगळे तिला बाटलीवाली म्हणत.

"मोठी आई, काय खायला घातलंस तिला?"

"पाणी पाजलेल्या होत्या रे. तू स्वतः बघ, कसं नितळ आहे पाणी!"

मोठीच्या घरात टोप तसाच होता, तळाशी न शिजवलेल्या चार-दोन शिंपल्या. बाटलीवाली त्याच्यापाशी उकिडवी बसली.

"आजी, हे गढूळ होतं ना? मग गढूळपणा गेला कुठं?"

"खाली बसला."

"थोडा बसला. हे चिकट धागे दिसतात? माती-वाळू शिंपल्यांनी यात गुंडाळून टाकली. पण मातीच्या कणांना चिकटून डोळ्याला न दिसणारे जंतू येतात, काही सुटे पाण्यातच असतात. पावसात वरच्या वस्तीचं गटार खाडीत उतरतं, त्यातलेच हे. ते त्यांच्या पोटात जाऊन राहतात. पाणी नितळ झालं, कारण घाण त्यांनी गिळली."

मोठीनं टोपात बोट घालून एक धागा वर काढला. इतकी वर्षं ती ज्याचं कौतुक करत होती, ते नेमकं हेच होतं.

"मग पाणी पाजायचंच नाही?"

"पाजायचं, पण चांगलं. पायरीचं पाजलंत म्हणजे घाणीवर घाणच. आणि एवढ्या पावसानंतर आम्ही सांगेपर्यंत काढायच्याच नाहीत. नीट उकळायच्या, तोंड उघडलं की लगेच उतरवायच्या नाहीत."

"आणि चांगलं पाणी कुठलं?"

"बाहेरच्या खडकाकडचं. तिथल्या बाटल्या कायम चांगल्या निघतात."

मोठीची नजर कोपऱ्यातल्या दांडीवर गेली आणि तिला रडू फुटलं. हंड्याला आलेल्या पोच्यापायी तिनं धाकटीला मरणाच्या दारात नेऊन ठेवलं होतं. मुलाला वाटलं, म्हातारी घाबरली. त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला, पण बोलायचं ते बोललाच.

"आई आता इथं राहणार नाही, मोठी आई. मी तिला घेऊन जातोय."

धाकटी नाही म्हणेल, हट्टाला पेटेल, अशी मोठीला आशा होती. भांडायला ती कधी मागे हटली होती? पण गाडी दाराशी आली तेव्हा धाकटी मागच्या सीटवर निमूट बसलेली होती, अर्धी झालेली. मुलगा घरातून गाठोडी आणत होता. मोठी कोंबडीला पोटाशी धरून गाडीजवळ उभी राहिली.

"ए कोंबडे," धाकटी खोल गेलेल्या आवाजात म्हणाली, "सांग तिला, मी हौसेनं जात नाहीये."

"तिला सांग, मी पण मुद्दाम दिलं नव्हतं."

"ते ठाऊक आहे म्हणावं." धाकटीनं खिडकीतून हात काढून कोंबडीच्या मानेवरून फिरवला. "तू इथंच राहा गं. तिला बोलायला कोणी नको का?"

गाडी वळणाआड गेली. मोठीनं कोंबडी पुन्हा भिंतीवर नेऊन बसवली.

पाऊस संपला. मग एक दिवस बाटलीवालीनं सांगितलं, आता काढा शिंपल्या. मोठीनं दांडी काढली, पोचा आलेला हंडा घेतला आणि बाहेरच्या खडकावर गेली. एकटीला हंडाभर पाणी कशाला लागतंय? पण खडकावरचं पाणी घरी यायचं ते हंड्यानंच. दांडीच्या मागच्या टोकाला तिनं भरलेला हंडा अडकवला. पुढच्या टोकाला, धाकटीच्या बाजूला, टोपलीत तोलाला एक दगड घालून बांधला. दांडी मध्यावर खांद्याला घेतली आणि निघाली.

चढावर दगड झुलायला लागला. हंडा हिंदकळला, पाणी तिच्या टाचांवर आलं.

"हळू चाल, सांडतंय!" ती ओरडली.

ओरडली आणि सवयीनं थांबली. दगड हलायचा थांबला.

"तूच हळू चाल," ती शेवटी स्वतःच म्हणाली, आणि दांडी दुसऱ्या खांद्यावर घेऊन चालायला लागली.