दोन रेघांतला बोअर

बाबूसिंग माझा धाकटा भाऊ. माय गेली तवा तो दीड वर्साचा होता, म्हणून मीच त्याला कडेवर घेऊन वाढवलं. त्याच बाबूसिंगला मी लोखंडी पान्यानं मारलं. एकदा न्हाई, दोनदा. लोक म्हणतात, मिराबाईच्या अंगात आलं होतं. काही अंगात आलं नव्हतं. मी चांगली शुद्धीत होते आन समोर कोण हाय ते मला दिसून राहिलं होतं.

माझं डोस्कं लवकर तापतं, हे आमच्या तांड्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक हाय. आधी हात, मंग बात. पण ह्या वेळी सुरुवात हातानं न्हाई झाली, टॅबनं झाली. तेच आधी सांगते.

माझी लेक दिपा मोजणी शिकलेली हाय. हिंगोलीला जाऊन कोर्स केला तिनं. सरकारी मोजणी यायला महिने लागतात, तवर लोक हिला बोलावतात की बाई, आमचा बांध कुठून जातो ते जरा दाखवून दे. मंग ती फीत धरते, टॅबवर गावाचा जुना नकाशा उघडते आन खुणा करून देते. माणसाएवढाल्या तुरीत जवान पोरगी एकटी कशी पाठवायची? म्हणून मी संगं जाते. ती मोजते आन मी पिशवी वाहते. पिशवीत फीत, खुंट्या, हातोडी, पाण्याची बाटली, भाकरीचं फडकं. वरून तो टॅब. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं.

जुना टॅब पाटाएवढा होता. तो एका नाल्यात पडून मेला. नवा घ्यायला आमी मायलेकी जवळच्या गोरेगावला अनिरुद्धच्या मोबाइलच्या दुकानात गेलो. पोरगा शिकलेला, बोलायला नरम. त्यानं दोन टॅब काढून काचेवर ठेवले, एक मोठा, एक लहान. दिपानं दोन्हीवर नकाशा उघडायला लावला. मी दोन हातांवर दोन घेतले आन तोलून बघितले. सारी जिंदगी डोक्यावर ओझं वाहिलं मी, कापूस वाहिला, पाणी वाहिलं, सरपण वाहिलं. दोन ओझ्यांतलं कोणतं घ्यायचं हे मला कोणी शिकवायची गरज न्हाई. मोठ्यात लहान दोनदा बसला असता.

दिपा म्हणाली, मोठाच घेऊ. अनिरुद्धनंही तेच सांगितलं. म्हणाला, मावशी, लहान हलका आहे, खिशातसुद्धा मावेल, पण पडदा तेवढा साफ नाही. नकाशा त्यात हलका करूनच टाकावा लागतो, मग ओढून मोठा केला की गढूळ दिसतो. बारीक रेघा मोठ्यावरच उमटतात.

मी म्हणलं, तू वाहणार हाय का पिशवी? माझी मान धरून राहिली हाय सहा महिने. रेघ ती रेघ, जाड काय आन बारीक काय. दिपा तोंड वाकडं करून बसली, तर तिलाही चार शब्द ऐकवले. दुकानात दुसरी गिऱ्हाइकं होती, तिला लाज वाटली आन ती गप झाली. लहान घेतला. घरी येताना पिशवी इतकी हलकी लागली, की मी खुशीत जीपवाल्याशीसुद्धा भांडले न्हाई.

आता जमिनीचं. माझ्या बापानं मरायच्या आधी साखऱ्याच्या शिवारातली पाच एकर आमा दोघांत वाटली. तीन बाबूसिंगला, दोन मला. लेकीला जमीन दिली म्हणून तांडा चार दिवस बोलला, पण बाबूसिंग एका शब्दानं बोलला न्हाई. माझा नवरा थावरा, त्याची सोताची जमीन न्हाई. आमी इथंच घर केलं, भावाच्या घराला पाठ लावून. दोघांच्या रानात बांध होता, बांधाला लागून जुनी गाडवाट होती. गाड्या गेल्या, टॅक्टर आले. इकडून आमी नांगरत गेलो, तिकडून तो नांगरत आला. बांधही मोडला आन वाटही.

उन्हाळ्यात बाबूसिंगनं त्याच जागी बोअर पाडला. पाणी असं लागलं की बघत राहावं. त्यानं हळद लावली. आमच्या रानात दोन बोअर कोरडे गेलेले, आन इथं हाकेच्या अंतरावर पाण्याची धार. थावराच्या पोटात तेव्हापासून आग. रोज जेवताना एकच, त्यानं बोअर आपल्या हद्दीत पाडला. रोज ऐकून मलाही तसंच वाटू लागलं. खोटं कशाला बोलू, मलाही ते पाणी पाहिजे होतं.

दिवाळीच्या आधी पहिली मारामारी झाली. थावरानं बोअरचा वायर तोडला. बाबूसिंगनं त्याला गचांडीला धरून बुक्की मारली, पुढचा दात पाडला. थावरानं त्याच्या कानाला चावा घेतला, पाळी फाटली. मी भावजयीला, पारुबाईला, ढेकळं मारली आन तिनं माझ्या बांगड्या फोडल्या. तांड्यातल्या म्हाताऱ्यांनी सोडवलं आन म्हणाले, अरे, घरात मोजणारी पोरगी असून डोकी काहून फोडता? बाबूसिंग कान दाबून उभा होता. सदरा लाल झालेला. तरी तोच पहिला म्हणाला, भाची मोजंल ते मला कबूल.

दिपानं मोजलं. सडकेकडचा हद्दीचा दगड शाबूत होता, तिथून फीत धरली. सारा तांडा बघायला आला. बोअरपाशी ती टॅब घेऊन उभी राहिली आन लई वेळ बघत बसली. डोक्यावर ऊन, पडद्यावर तिरीप. तिनं ओढणीची सावली केली, बोटानं नकाशा ओढला, परत लहान केला. मंग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, याडी, अगं माय, रेघ जाड दिसून राहिली. मला पक्कं न्हाई वाटत. मी गोरेगावला मोठ्या पडद्यावर बघून येते, उद्या सांगते.

मला राग आला. सारे बघून राहिले होते, थावरा माझ्याकडं बघून राहिला होता. मी म्हणलं, रेघेच्या कोणत्या अंगाला बोअर हाय, एवढं सांग. ती म्हणाली, ह्या रेघेनं बघितलं तर आपल्या अंगाला. मी तिथंच वळले आन साऱ्यांना ऐकू जाईल असं बोलले, बोअर आमचा निघाला. दिपानं तोंड उघडलं होतं. मी तिच्याकडं असं बघितलं की तिनं ते मिटलं. गोरेगावलाही मी तिला जाऊ दिलं न्हाई. बाबूसिंग पारुबाईला घेऊन घरी गेला.

पण मोटर त्यानं काढली न्हाई. हळद उभी होती ना. चार दिवस बघितलं आन पाचव्या दिवशी सकाळी थावरानं तिवई आन चेनकप्पी आणली, त्याची मोटर उपसून फेकायला. मी संगं गेले, पाईप खोलायचा मोठा पाना घेऊन. दोन पाईप वर आले तवर बाबूसिंग हळदीतून पळत आला, मागं पारुबाई. हातात कुऱ्हाडीचा दांडा. सरळ थावराच्या पाठीत घातला. दुसरा गुडघ्यावर. थावरा आडवा पडला. बाबूसिंग त्याच्या छातीवर बसला आन दांडा गळ्यावर आडवा ठेवून दोन्ही हातांनी दाबला.

थावराचं तोंड काळंनिळं झालं, टाचा माती उकरू लागल्या. दिपा आमच्या मागून आली होती, ती वरडत होती. मी पाना उचलला आन भावाच्या उजव्या कोपरावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. दांडा सुटला. थावरा खोकत बाजूला लोळला. सुटला होता तो, वाचला होता. बाबूसिंगनं हात पोटाशी धरला, वळून माझ्याकडं बघितलं आन म्हणाला, "बाई."

बहिणीला आमी बाईच म्हणतो. लहानपणी रात्री भ्यायला की असंच म्हणायचा.

मी दुसरा हाणला. डोक्यात, कानाच्या वर.

तो हळदीच्या वाफ्यात पडला. पानांवर रक्त उडालं, माझ्या तोंडावर उडालं. पारुबाईनं मला मागून झोंबून पाडलं, मूठभर केस उपटले, मनगटाला दातांनी धरलं. मी तिला लाथा मारल्या. हे सारं आवडीनं सांगून राहिले असं समजू नका. सांगताना थुंकी कडू होते.

त्याला जीपमध्ये टाकून आधी हिंगोलीला नेलं, तिथून नांदेडला. तीन दिवस शुद्ध नव्हती. त्या तीन दिवसांत मी घरात बसून एकच पाठ केलं, चूक त्याची. बोअर आमचा होता, तोच अंगावर आला. चौथ्या दिवशी त्यानं डोळे उघडले. पोलिसांनी जबाब घेतला, तर त्यानं सांगितलं, मोटर काढताना चेन तुटली, पाईप डोक्यात पडला. पारुबाईलाही तेच बोलायला लावलं. मला हे तांड्यातल्या एकानं येऊन सांगितलं. मला हायसं वाटलं, शरम वाटते पण वाटलं.

त्याच दिवशी दिपा गोरेगावहून आली. अनिरुद्धच्या दुकानातल्या मोठ्या टॅबवर तिनं तोच नकाशा उघडून बघितला होता. उंबऱ्यातच उभी राहून तिनं सांगितलं, रेघ एक न्हाई, दोन हायत. एक बांधाची, एक गाडवाटेची, जवळजवळ चिकटून. लहान पडद्यावर दोन्ही मिळून एकच दिसली. मी धरली ती वाटेची पलीकडची कड. बांध अलीकडं हाय, वाट मामाच्या हिश्शातली. बोअर दोन रेघांच्या मधात हाय. म्हणजे मामाचाच.

थावरा खाटेवरून म्हणाला, गप बसा दोघी. त्यानं जबाब दिला, झालं. आता तोंड उघडलं तर पाणी जाईल आन ही जेलात जाईल. मी उठले, पिशवीतून तो टॅब काढला, पाट्यावर ठेवला आन वरवंट्यानं ठेचला. काच उडून पायात घुसली तरी ठेचत राहिले. दिपानं माझा हात धरला न्हाई. लांब उभी राहून म्हणाली, "त्याला काय मारते, याडी?"

दोन दिवस मला अन्न गोड लागलं न्हाई. तिसऱ्या दिवशी थावराला न सांगता मी नांदेडची गाडी धरली.

वॉर्डात बाबूसिंग खिडकीपाशी होता. डोकं भादरलेलं, टाक्यांची माळ, उजवा हात खांद्यापासून पलस्तरात. कोपर आता सरळ होणार न्हाई, असं पारुबाईनं माझ्याकडं न बघता सांगितलं. मी खाली फरशीवर बसले आन बोलायला लागले. थांबलेच न्हाई. दुकानातलं सांगितलं, मोठ्यात साफ दिसत होतं आन मी हलका घ्यायला लावला ते सांगितलं. दोन रेघांची एक झाली ते सांगितलं. पोरगी उद्या सांगते म्हणत होती, तिचा तो उद्या मी येऊच दिला न्हाई, तेही सांगितलं. म्हणलं, बोअर तुझा हाय बाबू, मी साऱ्या तांड्यापुढं बोलते, पोलिसांपुढं बोलते. पडदा लहान होता रे, दिसलंच न्हाई.

मला वाटलं तो चिडंल, शिव्या देईल. दिल्या असत्या तर मी घेतल्या असत्या. त्यानं सारं ऐकून घेतलं. जबडा सुजलेला, बोलायला तकलीफ होत होती.

"आन बोअर तुझा निघाला असता तर, बाई?"

मला आधी समजलंच न्हाई तो काय विचारून राहिला.

"तर मारलेलं बराबर झालं असतं का?"

नांदेडपर्यंत साऱ्या वाटेनं मी बोलणं जुळवत आले होते. टॅबचं होतं, रेघेचं होतं, उन्हाचं होतं. ह्याचं काहीच आणलं नव्हतं. शेजारच्या खाटेपाशी बसलेली बाई आमच्याकडं बघत होती.

जेवण आलं. पारुबाईनं वरणात भाकर कुस्करली आन त्याला भरवू लागली. एका हातात ताट, एका हातात घास, तिची धांदल होत होती. मी उठले. ताट तरी धरावं म्हणून मी हात पुढं केला.

बाबूसिंगनं डोळे घट्ट मिटले आन मान खांद्यात ओढून घेतली. तोंडातला घास तसाच राहिला. तो रागावला नव्हता. त्याला वाटलं मी मारून राहिले.

मी हात मागं घेतला. पारुबाई म्हणाली, तू आता जा.