जोत्याची उंची

चाळीस वर्षं मी घरं बांधली. नागपुरातल्या एकट्या हुडकेश्वरात माझ्या हातची पन्नासेक घरं उभी आहेत, आणि एकाही मालकाने परत येऊन तोंड वाकडं केलेलं नाही. अशा माणसाला एक कॉम्प्युटर लाल अक्षरांत सांगतो की, हे घर राहण्यालायक नाही. माझं डोकं फिरणार नाही तर काय होणार?

हा खेळ माझ्या गळ्यात मारला तो माझ्या बायकोने, मायाने. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर ती अश्विनच्या, म्हणजे आमच्या मुलाच्या, फ्लॅटवर गेली. तो बुटीबोरीला कंपनीत आहे आणि त्याच रस्त्यावर लिफ्टच्या बिल्डिंगमध्ये राहतो. दीड महिन्यात परत येते म्हणाली होती, त्याला आता तीन महिने होऊन गेले. फोन केला की म्हणायची, "येईन नं, घाई काहून करून राहिले?" मला स्वयंपाक येतो, त्याचा प्रश्न नाही. पण संध्याकाळी घर अक्षरशः खायला उठतं. ती यावी एवढंच मला हवं होतं, आणि ती का येत नाही तेच कळत नव्हतं. मला वाटायचं, मुलाच्या घरचा एसी आणि सुनेच्या हातचा चहा गोड लागतोय.

अदितीने, म्हणजे सुनेने, तिला बसल्या बसल्या वेळ जावा म्हणून हा खेळ लावून दिला. त्यात मोकळी जमीन असते. झाडं तोडायची, दगड फोडायचे, ठोकळ्यावर ठोकळा ठेवून घरं बांधायची. घर नीट झालं की गावकरी आपोआप राहायला येतात. कोणी शिंपी, कोणी वैद्य, कोणी मासे विकणारी. ती खरी माणसं नसतात, कॉम्प्युटरच त्यांना चालवतो, पण नखरे अगदी खऱ्या भाडेकरूंसारखे. अदितीने माझ्याही लॅपटॉपवर तो खेळ टाकला आणि मला मायाच्या गावात सोडलं.

"तुम्ही कॉन्ट्रॅक्टर आहात नं," माया फोनवर म्हणाली, "मग बांधा की माझ्या गावात घरं. पाच वाजता येत जा."

रोज पाचला मी माझ्या ऑफिसात बसून हजर होऊ लागलो. ऑफिस म्हणजे घरासमोरच्या कोपऱ्यातली दहा बाय बाराची खोली. बाहेर 'नागसेन गजभिये, बिल्डिंग कॉन्ट्रॅक्टर' अशी पाटी. बावीस वर्षांत मी सगळे सौदे याच टेबलावर केले.

पहिलं घर मी शिंप्यासाठी बांधलं. भिंती सरळ, छप्पर पक्कं, दार, टेबल, खुर्ची, दिवा, सगळं नियमाप्रमाणे. तरी लाल अक्षरं. मी तीन वेळा पाडून बांधलं, तरी तेच. चौथ्या दिवशी मायाने फोनवरच हसायला सुरुवात केली.

"अहो, त्या मागच्या भिंतीत भोक काहून ठेवलं?"

"कूलरसाठी," मी म्हणालो.

"कूलर?"

"मग? मे महिन्यात मरू दे का त्याले?"

त्या खेळात ना मे महिना आहे ना कूलर. पण नागपुरात घर बांधताना खिडकीखाली कूलरची जागा सोडायची ही माझ्या हाताला सवय. विचार न करता हात तेच करतो. भोक बुजवलं आणि शिंपी त्याच मिनिटाला राहायला आला. माया इतकी हसली की अदिती तिला पाणी द्यायला धावली. मी लॅपटॉप मिटला आणि दोन दिवस उघडला नाही.

खरा संताप वेगळाच होता. मायाने स्वतः बांधलेली घरं बघवत नाहीत. मातीचे वेडेवाकडे खोके, छप्पर एकीकडे, दार दुसरीकडे. माझ्या साइटवर एखाद्या मिस्त्रीने असं काम केलं असतं तर मी त्याला गेटबाहेर काढलं असतं. आणि तिचा एकही खोका रिकामा नाही! मासेवाली, वैद्य, दारूगोळा विकणारा, सगळे तिच्याकडे. माझ्या गिलावा केल्यासारख्या गुळगुळीत घरांकडे त्या शिंप्याखेरीज कोणी ढुंकून बघेना.

"तू काहीतरी चीटिंग करून राहिली," मी म्हणालो.

"मी विचारते त्यायले," ती म्हणाली. "कोपऱ्यात प्रश्नचिन्ह आहे. ते घेऊन माणसावर ठेवलं की काय पायजे ते तो सांगते."

"मले घर बांधाले विचारा लागत नाही."

"हो, ते माहीत आहे मले," ती म्हणाली, आणि कॉल संपला.

शेवटी एक म्हातारी दाई बिनघराची राहिली होती. खेळात मधूनमधून लढायाही होतात, त्यांत जखमी झालं की तीच मलमपट्टी करते, म्हणून ती गावात असणं गरजेचं. मायाने तिचं नाव कुसुमताई ठेवलं होतं. मी ठरवलं, हिच्यासाठी असं घर बांधायचं की बायकोचं तोंड बंद झालं पाहिजे. आधी पाच ठोकळे उंच जोतं घातलं, म्हणजे घराचा पाया जमिनीपासून चांगला वर. आमच्याकडे रस्ते दर दोन-तीन वर्षांनी सिमेंटचा नवा थर घालून वर येतात आणि घरं खाली जातात. पावसाळ्यात शेजाऱ्यांच्या हॉलमध्ये पाणी, आणि माझं घर कोरडं ठणठणीत. माझं सात पायऱ्यांचं जोतं बघायला लोक मुद्दाम यायचे. तसंच घर मी कुसुमताईला दिलं. वर दगडी भिंती, रंगीत काचा, दोन दिवे.

ती आली. दारासमोर जोत्याखाली उभी राहिली. इकडे गेली, तिकडे गेली, आणि परत फिरली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी मायाचं ऐकायचं नाही असं ठरवून पायऱ्या रुंद केल्या, कठडा लावला, दार बदललं. म्हातारी यायची, बघायची आणि जायची. मी लॅपटॉपसमोर ओरडलो, "अवं, चढ नं!" बाहेरून जाणारा भाजीवाला थांबून आत बघायला लागला.

सहाव्या दिवशी मी हरलो. ते प्रश्नचिन्ह उचललं आणि म्हातारीवर ठेवलं. एका ओळीचं उत्तर आलं. घर छान आहे, पण मला पायरी चढता येत नाही.

बस, एवढंच. पाच दिवस मी भिंती बदलत होतो! मी अर्ध्या तासात पायऱ्या काढल्या आणि तिरपे ठोकळे लावून दारापर्यंत उतार केला. कुसुमताई टुकूटुकू चालत वर गेली, आत शिरली आणि खुर्चीवर बसली. मी उठून टाळी वाजवली आणि मायाला फोन लावला.

"आली!" मी म्हणालो. "तुझी म्हातारी राहाले आली! पायऱ्या चढता येत नव्हत्या तिले. मी रॅम्प करून देला, अर्ध्या घंट्यात!"

ती हसेल म्हणून मी फोन कानाला घट्ट धरला.

"माया?"

"ऐकून राहिली मी," ती म्हणाली. आवाज वेगळाच होता. "बरं केलं. तिनं सांगितलं आणि तुम्ही अर्ध्या घंट्यात करून देलं."

"मग?"

"मग काही नाही. मी चार वर्षांपासून सांगून राहिली, अश्विनचे बाबा. पायऱ्या उंच आहेत म्हटलं. तुम्ही म्हणे, पाणी घुसलं तं? ऑपरेशनच्या आधी म्हटलं. तुम्ही म्हणे, ऑपरेशननं बरं होईल. एक गुडघा बदलला, दुसरा त्याच्याहून खराब आहे. वॉकर घेऊन सात पायऱ्या कशी चढू मी? चढली तं उतरू कशी? आणि दरवेळी तुम्ही मलेच विचारता, येऊन काहून नाही राहिली."

तिने सांगितलं होतं, हे खरं. ऐकलं होतं, तेही खरं. बायको कुरकुर करतेय म्हणून सोडून दिलं होतं. लाज वाटली. पण माझी सवयच अशी, लाज वाटली की आवाज चढतो.

"एवढंच ना? उद्याच करून टाकतो. दहा फुटांचा रॅम्प, दोन दिवसांचं काम."

"दहा फुटांचा?" ती म्हणाली. "त्याच्यावरून घसरगुंडी खेळू का मी? एकास बारा पायजे. फिजिओवाल्या मॅडमनं लिहून देलं आहे."

एकास बारा! मला शिकवतेय! एक फूट उंचीला बारा फूट उतार, हे मला झोपेतही येतं. सदरमधल्या एका बँकेच्या इमारतीला मीच तसा रॅम्प करून दिला होता, उतार एका इंचानेही चुकला नव्हता. त्या बँकेत वॉकर घेऊन कोण येतं हे मी कधी बघितलंही नाही. नियमात होतं म्हणून केलं.

फोन ठेवून मी टेप घेतला आणि बाहेर गेलो. पायरी मोजली. साडेआठ इंच. घर बांधताना तेव्हाच्या मिस्त्रीने सहा म्हटलं होतं, पण सहाच्या केल्या असत्या तर पायऱ्या वाढून पोर्चमध्ये आल्या असत्या आणि गाडी बसली नसती. सात गुणिले साडेआठ, म्हणजे जवळजवळ पाच फूट. पाच गुणिले बारा, साठ फूट. माझा प्लॉट तीस बाय पन्नास. साठ फुटांचा रॅम्प मी डोक्यावर बांधू का?

चिडून मी कागदावर रेघा मारल्या. सरळ घातला तर गेट ओलांडून रस्त्यावर जातो. बाजूने घातला तर शेजाऱ्याच्या भिंतीत. वीस-वीस फुटांचे तीन पट्टे वळवून घातले तर बसतो, पण मधे ऑफिस येतं. मी पोर्च कमी करून बघितला, वळणं लहान करून बघितली, चार वेळा नवा कागद घेतला. प्रत्येक वेळी ऑफिस मधेच. त्याच ऑफिसात, त्याच टेबलावर बसून मी ते काढत होतो.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता मी खेळ उघडला नाही. फोन केला.

"माया, रॅम्प बसते. पण ऑफिस पाडावं लागते."

ती म्हणाली, "बावीस वर्षांचं आहे ते तुमचं."

"मी तुले सांगून नाही राहिलो, विचारून राहिलो," मी म्हणालो. हे वाक्य तोंडातून काढताना मला घाम फुटला. "पाडू का? आणि रॅम्प कसा पायजे, कठडा कुठे पायजे, मले माहीत नाही."

"फोनवर कसं सांगू?" ती म्हणाली. "मी येते. पण वर नाही चढणार, सांगून ठेवते. खालीच बसीन."

रविवारी अश्विन तिला गाडीतून घेऊन आला. मी गेटच्या आत प्लास्टिकची खुर्ची ठेवली होती. तिने वॉकर टेकवत टेकवत अंगण पार केलं, आणि तेवढ्या पंधरा फुटांत तिला दोनदा थांबावं लागलं. तीन महिन्यांत मी रविवारी तिला भेटायला जायचो तेव्हा ती सोफ्यावर बसलेली असायची. तिला चालताना मी धड बघितलंच नव्हतं. नुसती खुर्ची धरून ठेवली, कारण बोललो असतो तर रडलो असतो, आणि समोर माझा मिस्त्री उभा होता.

टेबल, कपाट, फायली मी आदल्या दिवशीच वर नेल्या होत्या. पाटी काढून भिंतीला टेकवली होती. मिस्त्रीच्या हातातला घण मी मागून घेतला. पहिला घाव मीच घालणार असं ठरवलं होतं. उजव्या कोपऱ्याशी उभा राहिलो आणि घण उचलला.

"तिकडून नाही," माया खुर्चीवरून म्हणाली. "तिकडून पाडलं तं सगळा मलबा माझ्या वाटेत येईन. या बाजूनं घ्या."

मिस्त्रीने खाली बघितलं. वीस वर्षं तो माझ्याकडे आहे, साइटवर मला कोणी मधे बोललं की काय होतं ते त्याला माहीत आहे. मी घण खाली घेतला. दोन पावलं डावीकडे सरकलो, भिंतीवर हात ठेवला आणि मागे वळून तिच्याकडे बघितलं.

"इथून?" मी विचारलं.