एका नजरेत

गणपती गेले आणि गोपीनाथची खात्रीच पटली की बाजारात कोणीतरी आपल्याविरुद्ध कान फुंकतंय. तो नेहमीच्या कट्ट्यावर येऊन टेकला, की समोरची जिजाबाई कोळीण टोपलीसकट पाठ फिरवून बसायची. न्हावी पंचा तोंडावर ओढून घ्यायचा. परवा तर भाजीवाल्याने त्याला काकड्या दिल्या त्या मान वळवून, जणू गिऱ्हाईक पलीकडेच उभं आहे.

बेचाळीस साल होतं. कोण कोणाचा खबऱ्या आहे, याची चर्चा घरोघरी चालायची. आपल्यालाही लोक पोलिसांचा माणूस समजत असणार, असा गोपीनाथने तर्क केला.

गोपीनाथ गिरगावातल्या एका मासिकासाठी गोष्टींची चित्रं काढायचा. मुंबईवर बॉम्ब पडणार म्हणून निम्मी मुंबई पळाली तेव्हा हाही पळाला आणि भाईंदर पश्चिमेला रामनाथ वाण्याच्या दुकानामागच्या खोलीत येऊन राहिला. त्याची कल्पनाशक्ती बेताचीच. मनाने एक नाक काढायला सांगा, याला घाम फुटायचा. पण बाजारातला चेहरा एकदा डोळ्यांखालून गेला, की घरी येऊन तो तीळ-सुरकुतीसकट कागदावर उतरवायचा. संपादकांना वाटायचं, याच्याकडे भारी मॉडेलं बसतात. गोपीनाथ त्यांना तसं वाटू द्यायचा.

आता दिवाळी अंकाची पाच चित्रं डोक्यावर होती आणि बाजारात नुसत्या पाठी दिसत होत्या. ही चित्रं गेली नाहीत तर मासिक दुसरा माणूस बघणार, हे उघड होतं.

त्याचा संशय सरळ रामनाथवर गेला. येता-जाता खोलीत डोकावणारा तोच. गोपीनाथने त्याला आडून आडून विचारलं, तर रामनाथने गुळाची ढेप फोडता फोडता, "मला कशाला विचारता? बाजारात विचारा," एवढंच म्हटलं. याच्या मनात नक्की काळंबेरं आहे, असं ठरवून गोपीनाथ तरातरा जिजाबाईपुढे जाऊन उभा राहिला. मी काही पोलिसांचा माणूस नाही, त्याने तिला ठणकावून सांगितलं.

जिजाबाईने कमरेची पिशवी सोडली आणि हळदीने पिवळी झालेली कागदाची पुडी उलगडून त्याच्या हातात दिली. त्याचंच चित्र होतं. चैत्रातल्या गोष्टीतलं. आजारी नवऱ्याच्या उशाशी विषाचा पेला घेऊन उभी असलेली बायको. चेहरा जिजाबाईच्या मुलीचा, शकूचा, हनुवटीवरच्या तिळासकट.

"आमाला वाचता येत न्हाय," जिजाबाई म्हणाली. "पन माजी पोर मला वळकता येते. तारोडीच्या व्याह्यांनी लगीन थांबवलंय. पोर चितार्‍याच्या खोलीत जाऊन बसल्याबिगर अशी हुबेहूब कशी येल, इचारतात. काय सांगू त्यांना?"

गोपीनाथला तिथल्या तिथे जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. कारण ही पुडी बाजारात कशी आली, हे त्याला विचारावं लागलंच नाही. लढाईमुळे कागदाचा तुटवडा होता, रद्दीला भाव होता, आणि आपले जुने अंक त्यानेच मोठ्या व्यवहारचातुर्याने रामनाथला विकले होते. रामनाथने त्यांत हळद बांधली, जिरं बांधलं, आणि गावभर पोचवलं. न्हाव्याला खुन्याच्या जागी स्वतःचाच चेहरा सापडला होता. भाजीवाला सापडला तो देवळातली मूर्ती चोरताना. बाजारातला जो तो घरी जाऊन पुड्या उलगडून बघत होता.

दुसऱ्या दिवशी तो जिजाबाईबरोबर बैलगाडीत बसून तारोडीला गेला. नवऱ्यामुलाची आई चांगुणाबाई अंगणात सुकट पसरत होती. तिने त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. शेजारपाजारच्या बायका कुडाआडून बघत राहिल्या.

शकू आपल्या खोलीत कधीच आली नाही, आपल्यापुढे कोणाला बसावंच लागत नाही, असं गोपीनाथने सांगितलं. कोणाला ते खरं वाटेना. मग त्याने चांगुणाबाईकडे एकदाच नीट पाहिलं, तिच्याकडे पाठ करून जमिनीवर मांडी घातली आणि पेन्सिल काढली.

थोड्या वेळाने त्याने कागद पुढे केला. बसकं नाक, वरच्या ओठावरची जुनी जखम, डोळ्यांतला अविश्वास, काही सुटलं नव्हतं. बायका कुडाआडून बाहेर आल्या आणि कागदावर वाकल्या. त्यांतली एक हसली, मग दोन पावलं मागे सरली. चांगुणाबाईने चित्र बराच वेळ न्याहाळलं, घडी घातली आणि चोळीत खोचलं.

"पोर खरी हाय," ती जिजाबाईला म्हणाली. "लगीन करू." मग पदर ओढून तिने तोंड झाकलं. "याला पयला हितून ने."

लग्न तुळशीचं लग्न झाल्यावर लागलं. गोपीनाथला आमंत्रण होतं, जेवणही पोटभर वाढलं. पण मांडवात तो जिकडे वळेल तिकडे पदर वर जात होते. एका नजरेत माणूस उचलतो, ही कीर्ती आता उत्तनपर्यंत पोचली होती. शकूला सोडवायला गेला आणि सगळ्या किनाऱ्याची तोंडं गमावून बसला. दिवाळी अंकाची चित्रं त्याने शेवटी दाढीच्या आरशात बघून काढली होती. सावकार, सासू आणि तिची सून, तिघं सख्खी भावंडं दिसत होती, आणि संपादकांचं तसं खरमरीत पत्रही येऊन पडलं होतं.

अक्षता टाकून तो निघाला, तेव्हा सगळ्या मांडवात एकट्या शकूने तोंड झाकलं नव्हतं. मुंडावळ्या बाजूला सारून ती सरळ त्याच्याकडे बघत होती.

"बघून घ्या, मास्तर," ती म्हणाली. "आज सगळ्यांसमोर बसलेय. फकस्त हातात पेला देऊ नका."

गोपीनाथला बघायचं होतं. इतके दिवस तो एका चेहऱ्यासाठी तडफडत होता. पण त्याला आता कोणाचाच भरवसा वाटत नव्हता, आणि सगळ्यांत कमी स्वतःच्या डोळ्यांचा. पुढच्या महिन्यात संपादक कसली गोष्ट पाठवतील, कोण जाणे. त्याने मान खाली घातली आणि तिला आशीर्वाद दिला तो तिच्या पावलांकडे बघून.